काजळीला नाव नसतं

फीबी बसायला शिकली ते साल. अमोस सेचेलच्या घरात त्या सालाची खूण तीच. नाताळ उरकला, दोन दिवसांनी पोर आधाराशिवाय बसली, आणि त्याच दिवशी पाणी गोठलं ते फेब्रुवारी निम्मा होईपर्यंत सुटलं नाही.

फेनच्या, म्हणजे दलदल आटवून काढलेल्या, त्या सपाट मुलखात ना डोंगर ना टेकडी. वारा समुद्रावरून निघतो तो थेट माणसाच्या हाडावर येऊन थांबतो. चर गोठले, चरांतलं लव्हाळं गोठलं. एरवी बूट घोट्यापर्यंत गिळणारी ती काळी माती पायाखाली वाजू लागली. कुदळ मारली की ठिणगी उडायची. जमीन गोठली की नांगर बंद, आणि नांगर बंद की मजुरी बंद. मालक थर्लोच्या शेतावर नियमच तसा होता. घोड्यांना तबेल्यात दाणा मिळत होता, कारण घोडे विकत घेतलेले. माणसं विकत घेतलेली नव्हती, म्हणून ती आपापल्या घरी उपाशी बसली होती.

"घोडा मेला तर नुकसान मालकाचं," म्हातारा जॉब म्हणायचा. "माणूस मेला तर देवाचं. आणि देव काही भरपाई मागायला थर्लोच्या दारात येत नाही."

जॉब हा अमोसचा बाप. सगळा जन्म थर्लोंच्या शेतात वाकून वाकून त्याची पाठ तशीच राहून गेली होती. गुडघे संपले होते. बोटं मात्र शाबूत होती, त्यामुळे फिडल अजून वाजत होतं. घर थर्लोचं. अमोस नांगर धरतो तोवर छप्पर, नांगर सुटला की छप्परही सुटलं. म्हाताऱ्याला आता दुसरं कसलंच भय उरलं नव्हतं, एक गरीबखाना सोडून. ज्यांना कुणी ठेवून घेत नाही त्यांना तिथे नेतात, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालतात, आणि नवराबायकोलाही वेगवेगळ्या भिंतींआड ठेवतात. बाजारगावच्या त्या गरीबखान्याची चिमणी सेचेलांच्या दारातून दिसायची. मुलूख सपाट, मधे आडवं यायला काही नाही. जॉब नेहमी दाराकडे पाठ करून बसायचा.

अशा हिवाळ्यात नांगऱ्यांचा एक सण असतो, नांगराचा सोमवार. जानेवारीत नाताळाचे सणासुदीचे दिवस संपले की येणारा पहिला सोमवार. त्या दिवशी नांगरे तोंडाला चुलीची काजळी फासतात, कोटांना चिंध्या बांधतात, आणि दोरांनी नांगर ओढत शेतकऱ्यांच्या दारोदार नाचतात. एक जण बाईचा वेश घेतो, त्याला मोली म्हणतात. नाचून झालं की घरधनी पाव, डुकराचं मांस, बिअर देतो. देणार नसेल त्याच्या उंबऱ्यापुढची जमीन नांगरून टाकायची, असा वहिवाटीचा हक्क. आणि या सगळ्यावर एक नियम: काजळी लावलेल्याला नाव नसतं. ओळखलं तरी ओळखायचं नाही. थोरला थर्लो होता तोवर दरसाल दारात उभा राहून विचारायचा, "कुठले हो तुम्ही पाव्हणे?" आणि जॉब म्हणायचा, "समुद्रापल्याडचे, मालक. वाट चुकलो." म्हातारा थर्लो हसून हसून डोळे पुसायचा. तो सुगीच्या दिवसांत गेला. आता दारात त्याचा मुलगा होता.

त्या सोमवारी सकाळी हेस्टर नवऱ्याला, अमोसला, झग्यात शिवत होती.

झगा लोकरीचा होता, गर्द जांभळा, पाठीवर काळ्या बटणांची रांग. अमोसच्या खांद्यांना तो पुरायचा नाही. म्हणून बटणं न लावता पाठीला जाड दोऱ्याने टाके घालायचे आणि नाच झाला की उसवायचे. तीन वर्षं हेच चाललं होतं.

"हलू नकोस, टोचेल."

"अगं, श्वास तरी घेऊ दे."

"बायका घेतात का? मग तूही शीक."

जॉब कोपऱ्यात फिडलच्या तारा पिळत बसला होता. म्हणाला, "मी मोली व्हायचो तेव्हा तुझी सासू मला असंच शिवायची. म्हणायची, वर्षातून एक दिवस तरी कळू दे तुला."

झगा मुळात धाकट्या थर्लोच्या बायकोचा. तीन वर्षांमागे लुइझाबाई विषमज्वराने पडल्या होत्या. धुणंवाल्या बाकीच्या बाया भिऊन पळाल्या. हेस्टर एकटी राहिली. त्या आजारपणाच्या चादरी, उशांचे अभ्रे, आणि आणखी काय काय, ते सगळं तिने उकळून, घासून, पिळून काढलं. तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी गेली. बरं वाटल्यावर बाईसाहेबांनी तिला बोलावलं आणि मजुरीऐवजी हा झगा हातात ठेवला. "मला आता सैल होतो," म्हणाल्या. हेस्टर दाराशी पोचली तशी मागून हाक आली. "आणि हेस्टर, चर्चला मात्र घालून येऊ नकोस हं. लोकांना वाटेल मी दोनदा आले."

चर्चला नाही, तर मग घालायचा कुठे? शेतात? गोठ्यात? हेस्टरने तो एकदाही अंगाला लावला नव्हता. तिच्या मालकीचं सगळ्यात चांगलं वस्त्र वर्षातून एक दिवस तिचा नवरा घालायचा, तेही काजळी फासून.

"झालं," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला. "थर्लोकडे शेवटी जा. मी तिथेच आहे आज, धुण्याला. पाव गरम असतानाच देईल स्वयंपाकीण."

सोमवार म्हणजे धुण्याचा वार. हेस्टर फीबीला टोपलीत घालून थर्लोच्या वाड्यामागच्या धुणंखोलीत गेली. चुलाण्यात लाकडं घातली, वरच्या तांब्याच्या हंड्यात पाणी ओतलं, सोडा टाकला. नाताळचं सगळं धुणं साचून राहिलं होतं: मोठे पांढरे टेबलक्लॉथ, हातरुमाल, मालकांचे सदरे, पाव्हण्यांचे परकर. बाईसाहेबांची बहीण शहरातून आली होती, आणखी दोघी बायका होत्या. पोर चुलाण्याच्या उबेला बसून एक लाकडी कपडेचिमटा चघळत होती.

जेवणवेळेच्या आधी फिडल ऐकू आलं. हेस्टर हात झटकत दाराशी आली.

गोठलेल्या अंगणात सात-आठ काळी तोंडं. पुढे रूबेन फिअरी, त्यांचा म्होरक्या, हातात चाबूक. मागे दोरांना जुंपलेले गडी आणि त्यांच्यामागे नांगर, बर्फावरून खडखडत. जॉबला त्यांनी नांगरावरच बसवून आणलं होतं. त्याने हनुवटीखाली फिडल धरलं आणि नाच सुरू झाला. तो काही नाजूक नाच नव्हे. खिळ्यांचे बूट, मोठमोठी पावलं, जोडीजोडीने फेर, हातात हात अडकवून गिरकी आणि मग सगळ्यांनी मिळून जमिनीवर आदळायचं. उपाशी माणसं होती, पण आदळत होती अशी की खिडकीच्या काचा थरथराव्यात. मधे अमोस झग्याचा घोळ दोन बोटांनी उचलून, मान वाकडी करून, कमरेत लचकत चालत होता. ही चाल त्याने बापाकडून घेतली होती, बापाने चुलत्याकडून. कुठल्या मेलेल्या बाईची होती देव जाणे.

थर्लो पायरीवर आला. बायका शाली ओढून त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि हसत होत्या. हेस्टरलाही बरं वाटलं. मग बाईसाहेबांची बहीण ओरडली, "अगं लुइझा, हा तर तुझाच झगा! आपण घोड्यांच्या शर्यतीला गेलो होतो तेव्हाचा! आणि बघ तरी, चालही तुझीच उचललीय मेल्याने!"

दुसऱ्या दोघी तोंडावर हात घेऊन खिदळल्या.

लुइझाबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग गळ्यापासून वर लाल होत गेला. त्या दोन पायऱ्या खाली आल्या.

"अमोस सेचेल," त्या म्हणाल्या. "काढ तो."

फिडल थांबलं. गडी जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. काजळीतल्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी नावाने हाक मारली नव्हती. दारू पिऊन तर्र झालेल्या पोलिसानेही नाही.

जॉब नांगरावरून म्हणाला, "बाईसाहेब, काजळीला नाव नसतं. तुमच्या सासऱ्यांना विचारा... म्हणजे, ते असते तर त्यांनी सांगितलं असतं."

"तू गप्प बस, जॉब," थर्लो म्हणाला. म्हणजे दुसरं नावही घेऊन झालं.

अमोस म्हणाला, "झगा माझ्या बायकोचा आहे."

"तुझ्या बायकोचा? हेस्टर! इकडे ये."

हेस्टर अंगणात आली. हात कोपरापर्यंत ओले, बाही वर.

"माझं सोंग काढायला दिला होता मी हा तुला?"

"तुमचं सोंग नाही बाईसाहेब. मोलीचं आहे. आणि दिला नव्हता तुम्ही. चादरींच्या मजुरीत आला होता."

तिघी पाव्हण्या ऐकत होत्या. चादरी हा शब्द उच्चारला गेला तशी बाईसाहेबांची हनुवटी ताठ झाली. "काढ म्हटलं ना. आत्ता. इथेच."

अमोसने पाठीमागे हात नेले. टाक्यांपर्यंत बोटं पोचेनात. तो गोल फिरला, पुन्हा फिरला, आणि ते फिरणं नाचासारखंच दिसलं. बहीण पुन्हा हसली. शेवटी हेस्टर पुढे झाली. कात्री घरी होती. तिने नवऱ्याच्या पाठीला तोंड लावलं आणि एकेक टाका दातांनी तोडला. वरपासून खालपर्यंत, सगळ्यांसमोर. ओले हात वाऱ्यात बधिर झाले होते, ओठाला दोरा कापला होता. अमोस समोरच्या खिडकीकडे बघत उभा होता. काजळीच्या खाली त्याचा जबडा हलत होता. झगा खाली पडला आणि तो सदऱ्यावर उरला. सदऱ्याला कोपरावर ठिगळ होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं.

हेस्टरने झगा उचलून पुढे केला. बाईसाहेबांनी हात मागे घेतला. "शी! काजळी लागलीय. धुऊन आण."

तेव्हा रूबेनने चाबूक खाली टाकला. "चला रे," एवढंच म्हणाला. गड्यांनी दोर खांद्यावर घेतले, जॉबला उचलून बाजूला ठेवलं, आणि नांगर पायरीपुढच्या जमिनीकडे वळवला. अमोसने नांगराच्या मुठी धरल्या. दोर ताणले गेले, पाठी वाकल्या. फाळ जमिनीवर किंचाळला, घसरला, आणि एक पांढरा ओरखडा ओढत बाजूला जाऊन पडला. पुन्हा उचलला, पुन्हा ओढला. पुन्हा ओरखडा. ज्या गोठलेल्या जमिनीने त्यांची मजुरी खाल्ली, तिनेच त्यांचा हक्कही खाल्ला. दोरासकट दोन गडी बर्फावर पालथे पडले. आता पायरीवर सगळेच हसत होते, थर्लोसुद्धा.

हसणं संपवून तो म्हणाला, "सेचेल, ऐक. ही थेरं दुसऱ्या कुणाच्या दारात. तुझ्या बायकोला सांग, झगा धुऊन, नीट करून संध्याकाळच्या आत वर नेऊन द्यायचा आणि पाव्हण्यांसमोर बाईसाहेबांची माफी मागायची. नाही तर मार्चात घर खाली कर. तुझ्या म्हाताऱ्याला ठेवून घेणारं आणखी एक घर आहे, त्याला माहीत आहे कुठलं."

जॉबने त्या दिशेला पाहिलं नाही.

गडी गेले. हेस्टर झगा घेऊन धुणंखोलीत आली. फीबी टोपलीतून बाहेर झेपावत होती, तिला तिने पुन्हा बसवलं. हंड्यात पाणी खदखदत होतं, आत सगळं पांढरं.

लोकर कशी धुवायची हे हेस्टरला झोपेतही सांगता आलं असतं. थंड पाणी, साबणाचा चुरा, पिळायचं नाही, तान्ह्या पोरासारखं थोपटायचं. तिने बादलीत थंड पाणी घेतलंही. झगा त्यात बुडवायला धरला. कॉलरला काजळी होती, काखेत तिच्या नवऱ्याच्या घामाचा ओला डाग. म्हाताऱ्याचं वाकलेलं डोकं तिच्या डोळ्यांपुढे आलं. माफी म्हणजे काय, दोन शब्द. गुडघा टेकायचा, मान घालायची. आयुष्यभर घातलीच होती.

पण माफी कशाची? चादरींची?

तिने बादली बाजूला सारली. बटणं एकेक करून तोडली आणि खिडकीच्या फळीवर ओळीने ठेवली. बटणांनी काही वाकडं केलं नव्हतं. मग हंड्याचं झाकण काढलं, झगा आत टाकला, वरून आणखी मूठभर सोडा घातला आणि दांडक्याने खाली दाबला. टेबलक्लॉथ, रुमाल, सदरे, पाव्हण्यांचे परकर, सगळ्यांच्या मधोमध. झाकण ठेवलं. जाळ वाढवला.

दुपारी तिने ते सगळं पिळून काढलं आणि मागच्या दोरीवर न घालता पुढच्या बाजूला, रस्त्याकडेच्या कुंपणावर नेऊन वाळत घातलं. वाऱ्याने क्षणात कपड्यांच्या गोठून फळ्या झाल्या. रस्त्याने जाणारा-येणारा थांबून बघत होता. नाताळचे टेबलक्लॉथ जांभळे, मालकांचे सदरे जांभळे, शहरच्या परकरांवर जांभळे ढग. आणि सगळ्यांच्या टोकाला, फाटकाच्या खांबाजवळ, एक एवढासा झगा, बाहुलीला व्हावा तसा, हात पसरून ताठ उभा.

लुइझाबाई धावत बाहेर आल्या. शाल घ्यायचीही शुद्ध नव्हती.

"काय केलंस हे?"

"धुवायला सांगितलात, धुतला."

"तुला कळत नाही लोकर उकळायची नसते?"

"कळतं ना, बाईसाहेब. बटणं फळीवर ठेवलीयत, ती तुमची." हेस्टरचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "झगा तुम्हाला परत घेता आला. मी तुमच्या त्या चादरी धुतल्या, ते धुणं मला परत घेता येत नाही. नाही तर तशाच आणून टाकल्या असत्या तुमच्या पायरीवर, पाव्हण्यांसमोर."

बाईसाहेबांनी तोंड उघडलं, पण तिकडे रस्त्यावर माणसं होती. त्या आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "तो चिंधडा घेऊन जा इथून."

म्हणून झगा हेस्टर घेऊन आली.

घरी अमोस चुलीपुढे बसला होता. तोंड धुतलं होतं, कानांमागे काजळी तशीच. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"दोन शब्द होते फक्त," तो म्हणाला. "माझ्यासाठी नको. बाबांसाठी तरी म्हणायचे होतेस."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं आणि तरी?"

"मला कुणी विचारलं का?" कोपऱ्यातून जॉब म्हणाला. "माझ्या नावावर सगळे माफ्या मागायला निघालेत, मी अजून जिवंत आहे म्हटलं. पोरी, इकडे आण तो. किती आटला बघू."

हेस्टरने झगा त्याच्या मांडीवर ठेवला. तो आता उबेने मऊ पडला होता, घोंगडीसारखा जाड झाला होता. जॉबने तो हातांनी चाचपला, बाह्यांमधे बोटं घातली. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, इतका की खोकल्याने गुदमरला.

"शर्यतीला घालून गेली होती ना?" तो म्हणाला. "आता घाल म्हणावं."

अमोस हसला नाही. उठून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत राहिला. फोडण्याइतकी लाकडं घरात नव्हती.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं. चर वाहू लागले, माती पुन्हा काळी, पुन्हा ओली झाली. थर्लोला नांगऱ्यांची गरज पडली, त्याने अमोसलाही बोलावलं. मार्चपर्यंत राबवून घ्यायला त्याची ना नव्हती. आणि एका सकाळी थर्लो दार उघडून बाहेर पाऊल टाकायला गेला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. पायरीपासून फाटकापर्यंत सगळी जमीन उलथलेली, फुलझाडांच्या वाफ्यांसकट. नांगराचे तास इतके सरळ की दोरी धरून आखावेत.

असे तास त्या मुलखात एकच माणूस काढायचा. ते थर्लोला ठाऊक होतं, रूबेनला ठाऊक होतं, घोड्यांनाही ठाऊक होतं, कारण घोडे थर्लोचेच होते.

त्याने गड्यांना ओळीत उभं केलं. "कोण होतं?"

रूबेनने टोपी काढली. "पहाटे कुणीतरी दिसलं म्हणे, मालक. पण काजळी लावलेली होती."

"कुठला होता?"

"समुद्रापल्याडचा असेल. वाट चुकला असेल बिचारा."

थर्लो चिखलाचे बूट झटकत आत गेला. आणखी विचारून काय करणार होता? सगळ्यांना काढलं असतं तर नांगर कोण धरणार?

लेडी डे, म्हणजे मार्चातला घर बदलायचा दिवस, उजाडला. अमोसला नदीपलीकडे काम मिळालं होतं. खोली एकच होती, आणि नव्या मालकाची अट होती, म्हातारा चालणार नाही. अमोसने त्याला हात जोडले, भाडं कापून घ्या म्हणाला, फिडल वाजवून दाखवतील म्हणाला. नाही म्हणजे नाही. रूबेनच्या घरी नऊ माणसं होती. दुसरीकडे विचारलं, तिसरीकडे विचारलं. सगळा जन्म ज्या मातीत गेला, त्या मातीवर जॉबला पाठ टेकायला हातभर जागा निघाली नाही. थर्लोच्या मालकीची तर चार घरं रिकामी होती, दारांना कड्या घातलेली.

हातगाडी गरीबखान्याच्या फाटकाशी थांबली. जॉब आपणच उतरला. फाटकावरच्या माणसाने फिडलकडे बोट दाखवलं. "हे आत नाही न्यायचं."

"का हो? ते काय पाव खातं?"

"नियम आहे."

जॉबने फिडल हेस्टरच्या हातात दिलं. तिला रडू येत होतं, तिने ते येऊ दिलं नाही. म्हणाली, "बाबा, मी तेव्हा माफी मागितली असती तर..."

"तर मी स्वतःच चालत आलो असतो इथे," म्हातारा म्हणाला. "तुझ्या हातचं खाणं माझ्या घशाखाली गेलं नसतं." फाटकावरच्या माणसाने नाव विचारलं. जॉबने एकवार त्याच्याकडे पाहिलं, मग अमोसकडे, आणि पहिल्यांदाच तो त्या चिमणीखाली मान वर करून उभा राहिला. "लिहा," म्हणाला. "आज काजळी नाही लावलेली. जॉब सेचेल."

फीबी चार वर्षांची झाल्यावर झगा तिला बरोबर बसला. हेस्टरने पाठीला लाकडी बटणं लावली आणि पोरीला तो घालून चर्चला नेलं, पुढच्या बाकावर.

जॉब सेचेल फाटकातून आत गेला त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गरीबखान्यात वारला होता. त्याला पट्ट्यांच्या कपड्यांतच पुरलं. लुइझा थर्लो त्यानंतर तेवीस वर्षांनी, आपल्या घरी, आपल्या पलंगावर वारली, आणि तिच्या चादरी धुवायला गावातली एकही बाई गेली नाही.